तांब्याला पाझर

आमच्या गल्लीत मला धबधबा म्हणतात. तोंडावर काका, पाठीमागे धबधबा. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चिडलो नाही. उलट छाती फुगवून घरी आलो आणि बायकोला म्हणालो, "लोकांनी पदवी दिलीय." ती शिवणयंत्रावरून मान वर न करता काहीतरी म्हणाली. काय ते मला ऐकू आलं नाही, पण कौतुकच असणार असं धरून मी मान डोलावली. माणसाचे कान गेले की सगळं जग त्याच्याबद्दल चांगलंच बोलायला लागतं. हे सुख मी बरीच वर्षं उपभोगलं. आपले कान गेलेत हेच मला माहीत नव्हतं, त्यामुळे ते अगदी निर्धास्तपणे उपभोगलं.

माझा धंदा तांब्याची कारंजी करण्याचा. बागेत, अंगणात, हॉटेलच्या दारात ठेवतात तशी. पण दगडी सिंहाच्या तोंडातून पाणी काढणारा मी नव्हे. माझ्याकडे केळीची पानं असतात, अळूची असतात, ओल्या भिंतीवर उगवतात ते नेचे असतात, एकावर एक चढलेल्या अळंब्यांच्या छत्र्या असतात. पत्रा पानाच्या आकाराचा कापायचा, भट्टीत लाल होईपर्यंत तापवायचा, पाण्यात बुडवून मऊ करायचा. मग राळेवर पालथा घालून मागून शिरा उठवायच्या, कडा हलक्या ठोक्यांनी मठारायच्या, आणि पाण्याची नळी देठात अशी लपवायची की पान स्वतःच पाझरतंय असं वाटावं. हे सगळं मी लोकांना सांगतो तेव्हा फार थोर वाटतं. खरं तर अर्धा दिवस मी बोटावर फुंकर घालत बसलेला असतो.

माझे वडील भांडी घडवायचे. हंडे, पातेली, पाणी तापवायचे बंब. त्यांच्या हातच्या भांड्यातून आयुष्यात कधी थेंब गळला नाही, याचा त्यांना अभिमान होता. आणि त्यांच्या मुलाचं पोट चालतं ते गळणाऱ्या भांड्यांवर. याहून मोठी पितृभक्ती मला जमली नाही.

कारंज्यांची सुरुवातही त्यांच्यामुळेच झाली. मला काम शिकवताना ते दिवसातून कितीदा तरी "पालथ्या घड्यावर पाणी" म्हणायचे. पुढे स्टीलची भांडी आली, आमच्या भांड्यांना गिऱ्हाईक उरेना, वडीलही गेले. तेव्हा एक दिवस रिकामा बसलो होतो, तर त्यांचा एक जुना घडा खरंच पालथा घातला आणि वरून नळी सोडली. पाणी चारी अंगांनी पातळ पडद्यासारखं उतरलं. शेजारच्या घरी आलेल्या पाहुण्यांनी ते पाहिलं आणि विकत मागितलं. माणूस बापाच्या आशीर्वादावर जगतो म्हणतात, मी त्यांच्या टोमण्यावर जगलो.

पहिल्या काही वर्षांतलं माझं काम नाजूक होतं. बारीक धार, पानावरून पानावर घसरणारं पाणी. मग हळूहळू ते बदलत गेलं. पानं मोठी झाली, पंप मोठे झाले, पाणी उंचावरून पडायला लागलं. एका बागेच्या उद्‌घाटनाला आलेले निवृत्त मुख्याध्यापक माझ्या कारंज्याशेजारी उभे राहून बोलले. त्यांचं भाषण कोणालाच ऐकू आलं नाही, पण नंतर त्यांनी माझ्या कानाशी येऊन सांगितलं, "उतारवयात तुमच्या कामाला जोर आलाय." एका हॉटेलवाल्याने तर दोन मागवली. म्हणाला, "याच्या शेजारी बसलेली माणसं पटकन खाऊन उठतात. टेबलं रिकामी होतात." मी तेही कौतुकात धरलं.

घरातही सुधारणा झाली होती. बायको वाद घालायची थांबली. पूर्वी माझ्या एका वाक्याला तिची चार असायची. आता ती नुसती बघायची, हाताने ताट पुढे करायची आणि कामाला लागायची. इतक्या वर्षांनी का होईना, माझ्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव पडला, असं मला वाटलं. मी मित्रांना सल्लेसुद्धा दिले की संसारात धीर धरावा.

आता ताईविषयी सांगतो, कारण ही गोष्ट खरी तिची आहे. मी आपला मध्ये मध्ये पाणी सोडतो.

आमची आई लवकर गेली. मला धड आठवतही नाही. ताई माझ्याहून आठ-नऊ वर्षांनी मोठी. तिने मला जेवू घातलं, शाळेत पोचवलं, आणि उरलेल्या वेळात वडिलांच्या कारखान्यात पत्र्याचं दुसरं टोक धरून उभी राहिली. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, एका टोकाला भट्टी, दुसऱ्या टोकाला आमची चूल. मध्ये हातोडी. तांब्यावर पडणारी हातोडी ज्याने बंद खोलीत ऐकली नाही त्याला ते सांगून कळणार नाही. तिथे बोलणं अशक्य होतं, म्हणून आमच्या घरात सगळे हातांनी बोलायचे. तळहात गोल फिरवला की 'भांडं फिरव'. दोन बोटं हलवली की 'हलक्या हाताने'. अंगठा भट्टीकडे केला की 'परत ताव दे'. कानाची पाळी धरली की 'गाढवा', आणि ही खूण फक्त माझ्यासाठी राखून ठेवलेली होती. पण सगळ्यात मोठी खूण म्हणजे मिटलेली मूठ. मूठ म्हणजे 'पुरे'. तांब्याला एक घाव जास्त झाला की कड तडकते, सगळी मेहनत पाण्यात जाते. मूठ दिसली की हातोडी जिथे असेल तिथे थांबायची. मूठ दिसल्यावरही जो घाव घालील त्याला वडिलांचा उघडा पंजा दिसायचा, आणि तो नुसता दिसून थांबायचा नाही.

दिवसातून एकदा मात्र आमची त्या आवाजातून सुटका व्हायची. कारखान्यामागे टेकडी होती आणि तिच्या काळ्या कातळातून पाणी पाझरायचं. धार नाहीच, थेंब थेंब. ताई कळशी घेऊन निघायची आणि मी तिच्या ओच्याला धरून मागे. कळशी भरायला इतका वेळ लागायचा की वडील ओरडायचे. पण जवळच्या विहिरीवर जायचं ताईने कधी मनावर घेतलं नाही. आम्ही दोघं तिथे कातळाला टेकून बसायचो. बोलायचो नाही. मला वाटायचं ती दमलीय. आता वाटतं, तिला तेवढीच जागा होती.

त्या ताईची मागच्या वर्षी न्हाणीघरात पाय घसरून मोडतोड झाली. खुब्याचं हाड. शस्त्रक्रिया झाली, पण उठून चालणं काही जमेना. तिचा मुलगा कामासाठी दूरच्या गावी, घरात ती आणि सून. मागच्या खोलीत खिडकीपाशी तिचा पलंग टाकला. खिडकीतून काय दिसतं, तर छोटंसं अंगण आणि समोर शेजाऱ्याची भिंत. मी भेटायला गेलो तेव्हा ती त्या भिंतीकडे बघत होती. भिंतीत बघण्यासारखं काही नव्हतं, मी नीट पाहिलं.

"बारक्या," ताई म्हणाली. माझ्या पोटाचा घेर बघता हे नाव आता माझी चेष्टा वाटते, पण तिचा तसा हेतू नसतो. तिने मला जवळ बोलावलं आणि कानाशी तोंड आणून सावकाश सांगितलं, "अख्ख्या गावाला पाणी पाजतोस. माझ्यासाठी एक कर की. आपल्या कातळाचा पाझर कर. दिवसभर पडून असते रे. कोणी सोबत नसलं तरी तो असला की बरं वाटेल."

ताईने आयुष्यात माझ्याकडे काही मागितलेलं नव्हतं. लग्नात नाही, तिचे यजमान गेले तेव्हा नाही, इस्पितळात नाही. हे एकच. मी तिथल्या तिथे हो म्हणालो. घरी येताना स्कूटरवर मला हुंदका आला आणि लगेच पुढचा विचार आला, की असं कारंजं करीन की लोक बघत राहतील. कलावंताचं दुःख फार वेळ टिकत नाही.

केलं, आणि काय केलं म्हणता. तांब्याचा कातळ केला, सुरकुत्यांसकट. त्याच्या फटींतून नेचे काढले, प्रत्येक नेच्याची पानं वेगळी कापून डाख लावून देठाला झाळली. खाली तीन पसरट वाडगे, एकातून दुसऱ्यात पाणी. लिंबू-मीठ लावून असं लखलखीत केलं की बघताना डोळे मिटावेत. अंगणात खिडकीसमोर बसवलं. मागच्या दाराशी पंपाचं बटण बसवून घेतलं आणि पावसाचं पाणी लागू नये म्हणून त्याच्यावर पत्र्याचं छोटं छप्परही स्वतः ठोकून दिलं. मग पंप चालू केला आणि कान देऊन ऐकलं. काहीच नाही. अंगण एका बाजूला उतरतंय म्हणून आवाज दबतोय, असं मी सुनेला समजावलं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, माझं तर अंगणही सरळ होतं. पंपाची चावी थोडी उघडली. तरी नाही. आणखी उघडली. शेवटी कुठे मला बरं वाटेलसं ऐकू आलं, तेव्हा सोडलं.

खिडकीतून ताईने दोन्ही हात जोडले आणि हसली. बायको सोबत आली होती, तिने माझी बाही ओढली आणि काहीतरी सांगितलं, दोनदा. मी मान डोलावली.

त्यानंतर मी बरेचदा जायचो. माझ्या स्कूटरला पहिल्यापासून खोकला आहे, ती वळणावर आली की फाटकापर्यंत वर्दी पोचते. मी पोचायचो तेव्हा कारंजं जोरात चाललेलं असायचं आणि ताई हसत असायची. मी तिच्यासमोर बसून स्वतःच्या कामाकडे बघत चहा प्यायचो. परतताना मनात म्हणायचो, बहिणीचे पांग फेडले.

मग स्कूटर बंद पडली. मी चालत निघालो आणि मागच्या गल्लीतून जवळ पडतं म्हणून मागच्या फाटकाने आत शिरलो. कारंजं बंद होतं. पंप बिघडला असेल म्हणून जवळ गेलो, तर वरच्या नेच्यापासून खालच्या वाडग्यापर्यंत कोळ्याचं जाळं. चांगलं मोठं, गोल, एकही धागा न तुटलेलं, आणि मधोमध कोळी घरमालकासारखा बसलेला.

आमच्या धंद्यात हे जाळं म्हणजे पुरावा. गिऱ्हाईक सांगतं, "रोज चालू असतं हो," आणि पानावर जाळं असतं. मी अशा कितीतरी लोकांना सुनावलं आहे की माणूस खोटं बोलेल, कोळी बोलत नाही. आता तो कोळी माझ्याकडे बघत होता. वाडग्यांत वाळलेला पाला होता. पाण्याचे पांढरे डागसुद्धा जुने झाले होते.

तेवढ्यात खिडकीतून ताईने मला पाहिलं. तिने घाईघाईने आत वळून हात हलवला. सून धावत मागच्या दाराशी आली, मला बघून दचकली, आणि सवयीने तिने बटण दाबलं. पाणी कोसळलं. जाळं फाटलं आणि कोळी वाडग्यातून वाहत गेला. आणि मी ताईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. ती हसत होती, पण कपाळावर एक आठी पडली होती आणि डोळे बारीक झाले होते. ती आठी मी ओळखत होतो. वडिलांची हातोडी पडायला लागली की तीच आठी पडायची. पत्र्याचं टोक धरून ती अशीच उभी असायची, हसरी आणि कपाळाला आठी.

मी जाऊन बटण बंद केलं. सुनेला म्हणालो, "खरं सांग."

ती माझ्या कानाशी आली. "मामा, रागावू नका. आईंना ते सहन होत नाही. डोकं भणभणतं त्यांचं. तुमच्या स्कूटरचा आवाज आला की चालू करायला सांगतात. म्हणतात, त्याने हौसेने केलंय, त्याला कळता कामा नये."

मला रडू आलं. साठी उलटलेला, पोट सुटलेला माणूस दुसऱ्याच्या अंगणात कारंज्याशेजारी उभा राहून रडतोय, आणि त्याचं कारंजंही बंद. मी पुरा गळत होतो. वडिलांनी पाहिलं असतं तर परत झाळायला घेतलं असतं.

घरी येऊन बायकोला विचारलं, "तू काय सांगत होतीस त्या दिवशी?"

ती यंत्र थांबवून समोर येऊन बसली आणि मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "हेच. फार मोठा आवाज आहे. वन्संना त्रास होईल. आधीच्या सगळ्यांच्या वेळीही हेच सांगत होते."

"मग भांडली का नाहीस?"

"भांडायला समोरच्याला ऐकू यावं लागतं."

माझ्या व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव तिथेच संपला.

दुसऱ्या दिवशी तिने मला कानांच्या तपासणीला नेलं. एका पेटीएवढ्या खोलीत बसवून कानांवर मोठ्या वाट्या चढवल्या आणि आवाज आला की बटण दाबा म्हणाले. मी आयुष्यभर कानावर पोट भरलेला माणूस. धडाधड दाबत सुटलो. काचेपलीकडून तपासणाऱ्या बाई हात हलवत आत आल्या आणि म्हणाल्या, "आजोबा, मी अजून चालू केलेलं नाही." चालू केल्यावर मात्र मी बराच वेळ बटणावर बोट ठेवून नुसता बसलो होतो. नंतर त्यांनी समजावलं. जाड आवाज तुम्हाला येतात, बारीक येत नाहीत. पाखरं, चमचे, बायकांचं बोलणं, पाण्याची धार. कान हातोडीने नेलेत, आणि एकदम नाही, थोडे थोडे करून नेलेत.

म्हणजे पाणी मला ऐकू येईपर्यंत मी पाणी वाढवत गेलो होतो. आणि त्याला मी शैली म्हणत होतो.

यंत्र मिळालं. दोन्ही कानांत घालून पहिल्यांदा घरी आलो तर स्वतःच्या चपलांनीच दचकलो. अंगणात माझं सगळ्यात गाजलेलं कारंजं होतं, ते चालू केलं. खडीचा ट्रक रिकामा होत होता. मी पटकन बंद केलं आणि शेजाऱ्यांच्या खिडक्यांकडे पाहिलं. सगळ्या बंद होत्या. गेली काही वर्षं त्या बंदच असायच्या, मला वाटायचं त्यांना धुळीचा त्रास आहे.

ताईचं कारंजं नव्याने करायचं ठरवलं आणि खरी पंचाईत तिथे झाली. यंत्राने आवाज येतो, पण पाणी आणि तळण यांतला फरक त्याला कळत नाही. थेंब पडला तरी कढईत काहीतरी सोडल्यासारखं चर्र होतं. अशा कानांनी मी पाझर कसा जुळवणार? बायको म्हणाली, "मी ऐकून सांगते." पण तिने तो कातळ कधी पाहिला नव्हता. टेकडी केव्हाच कापून नेली, तिथे आता गाड्या उभ्या असतात. तो आवाज जगात दोनच माणसांना ठाऊक होता. एकाला ऐकू येत नव्हतं आणि एकीला उठता येत नव्हतं.

मी हत्यारं आणि बायकोला घेऊन ताईकडे गेलो तेव्हा तोंड उघडायची लाज वाटत होती. ती पलंगावरून माझ्या कानांतली यंत्रं बघत राहिली. मी सगळं सांगितलं. ती काहीतरी बोलली आणि यंत्रातून नुसती खरखर आली. मी नेहमीसारखी मान डोलावली. मग ताईने कानाची पाळी धरली. माझ्यासाठी राखून ठेवलेली ती खूण. गाढवा.

इतक्या वर्षांनी मी ती पाहत होतो. मी यंत्रं काढून खिशात ठेवली. ताईने सुनेला आणि माझ्या बायकोला पलंग खिडकीला चिकटवायला लावला, पाठीला उशा लावून घेतल्या आणि हात गजांवर ठेवला. वडिलांच्या जागी आता ती होती.

सगळ्यात आधी तिने वाडग्यांकडे बोट दाखवून हात झाडला. काढ. मी तिन्ही वाडगे कापून काढले. मग नेचे. तेही गेले, एक सोडून. ज्या कातळाच्या सुरकुत्यांवर मी डोळे फोडले होते त्याच्याकडे तिने पाहिलंही नाही. मी पंपाची चावी आवळत आणली, पानाच्या टोकाला चोचीसारखा बाक दिला, नाहीतर पाणी खालच्या अंगाने देठाकडे परत पळतं. दोन बोटं हलली. हलक्या हाताने. मी बाक थोडा सैल केला. तळहात फिरला. मी पान फिरवलं. थेंब आता एकेक करून पडत होता, पण ताई डोळे मिटून ऐकायची आणि मान हलवायची. नाही. मी खाली दगड ठेवला. नाही. ताटली ठेवली. नाही. वाळू पसरली, तेव्हा तिने परत कानाची पाळी धरली.

मी थकून ओट्यावर बसलो. मनात आलं, तिलाही आता तो आवाज आठवत नसेल, आम्ही दोघं मिळून नसलेल्या गोष्टीमागे लागलोय. हेही आलं की जमलं नाही तरी ही हसेल, आणि पुढची वर्षं मला बघून बटण दाबत राहील. ते मला नको होतं. तिने हसू नये यासाठी मी काहीही केलं असतं.

खिडकीत हात हलत होता. ताई आतल्या फळीकडे दाखवत होती, पुन्हा पुन्हा. मला ही खूण माहीत नव्हती. सून फळीवर शोधायला लागली आणि शेवटी तिच्या हाती आली ती कळशी. काळवंडलेली, पोचे आलेली, आमचीच कळशी. वडिलांनी घडवलेली. तेव्हा माझ्या टाळक्यात प्रकाश पडला. मी कातळ केला, शेवाळ सोडून सगळं केलं, पण आम्ही बसून जे ऐकायचो तो कातळ नव्हताच. तो कळशीत पडणाऱ्या थेंबाचा आवाज होता.

कळशी पानाखाली ठेवली. ताईने डोळे मिटले आणि या वेळी मान हलली नाही. पण थोड्या वेळाने कळशी भरत गेली तशी तिची मान हलायला लागली. मी ओतून अर्धी केली, मान थांबली. म्हणजे कळशी अर्धीच राहायला हवी. त्याला उपाय एकच होता आणि तो मला नको होता. मी ड्रिल हातात घेऊन कळशीसमोर बसून राहिलो. त्या माणसाने जन्मभर एक थेंब गळू दिला नव्हता. ताईकडे पाहिलं. तिने अंगठ्याने कळशीकडे खूण केली. पाड.

वडिलांच्या कळशीला मी पोटात भोक पाडलं. तिथून पाणी निमूट खाली पंपाच्या टाकीत उतरायला लागलं आणि वरून थेंब पडत राहिला.

खिडकीत मूठ वर आली.

मला समाधान होईना. समोर इतकंसं पाणी, धड दिसतही नव्हतं. लोक बघतील तर काय म्हणतील? जुनी खाज गेली नव्हती. मी चावीवर हात ठेवून ताईला खुणेने विचारलं, जरासं वाढवू? तिने मूठ तशीच धरली. मी चावी केसभर फिरवली असेल नसेल, खिडकीत उघडा पंजा आला. माझं डोकं आपोआप खाली गेलं. बायको आणि सून हसताना मला दिसल्या, आणि ताईही हसत होती, कपाळाला आठी न पाडता.

ते कारंजं मी अजून ऐकलेलं नाही. यंत्र लावलं की तळण, काढलं की काहीच नाही. कधी कधी कळशीवर तळहात ठेवतो, तेव्हा थेंब पडल्याचं हाताला जाणवतं. बायको सांगते की माझ्या सगळ्या कामात तेच एक ऐकण्यासारखं आहे. तिचं आता मला सगळं ऐकू येतं आणि घरात पुन्हा भांडणं सुरू झाली आहेत.

पण माणूस संशयी असतो. ताई कशी आहे ते मला माहीत आहे. म्हणून मध्ये एकदा न कळवता गेलो. स्कूटर लांब लावली, चालत मागच्या फाटकाने शिरलो. ताई खिडकीकडे तोंड करून झोपली होती. नेच्याच्या टोकाला थेंब जमत होता, सुटत होता. पानावर जाळं नव्हतं. पण मी येणार हे कुणी पाहिलं असेल, आताच चालू केलं असेल, म्हणून मागच्या दाराशी जाऊन बटण पाहिलं.

मी ठोकलेल्या पत्र्याच्या छपराखाली, या कडेपासून त्या कडेपर्यंत, बटणावर जाळं होतं. चांगलं जुनं, धुळीने जाड झालेलं. मी ते झाडलं नाही.